अठ्ठावन्न मिलिमीटर

घोन्सा रोडवरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात.
सकाळी पुसलेलं शटर
दुपारी बोटाला काळं लागतं.
टेबलावर जुना टॉवेल दुहेरी अंथरलाय,
हातून निसटलं तर मऊ पडावं म्हणून,
आणि त्यावर फिल्टर:
अठ्ठावन्न मिलिमीटरची एक गोल काच.
तिरपी धरली की पारव्याच्या मानेसारखी
जांभळी, मग हिरवी, मग काहीच नाही.

रिंग अडकून बसली होती.
चिमटीत आवळली असती तर आणखी रुतली असती.
कडेला रबरबँड गुंडाळला,
हलकंच फिरवलं, निघाली.

कालचं लग्न अजून तिच्यावर आहे.
कडेला हळदीचं बोट,
"दाखव ना, कसा आला" म्हणत कुण्या करवलीनं टेकवलेलं.
मधोमध अर्धा अंगठा, तो बहुतेक माझाच.
आणि सगळीकडे ती बारीक काळी पूड,
जी आपल्याला धूळ वाटते
आणि काचेला दगड.

कवडूकाका म्हणायचे,
"पुसाची घाई करू नोको, पोरी.
पुसनं सगळ्यात शेवटी.
आंदी पाह्य."

म्हणून आधी पाहते. खिडकीशी, उजेडात.
मग काचेचं तोंड खाली करून
रबरी फुगा दाबते: फुस्स, फुस्स.
पडायचं ते आपल्या मनानं पडू दे.
तोंडानं फुंकायचं नाही,
थुंकी उडते, मघाचा खर्रा काचेवर जाऊन बसतो,
असं काका हातातला खर्रा घोटत सांगायचे.
मग ब्रश; त्याच्या केसांना मी कधी बोट लावत नाही.
मग कुठे ते फडकं,
साध्या पाण्यात धुतलेलं, डबीत घडी करून ठेवलेलं.
लिक्विडचा एकच थेंब,
तोही फडक्यावर. काचेवर सोडला
तर कडेच्या फटीत शिरतो, मुक्कामालाच राहतो.
मधून बाहेर, गोल गोल,
गरम पोळीवर तुपाचं बोट फिरतं तेवढ्याच वजनानं.
बरेचदा इतकंही लागत नाही.
एखादा कण राहिला तर राहिला,
फोटोत तो येत नाही.

ओरखडा येतो.

काकांचं एकदाच चुकलं.
डिसेंबरातलं लग्न, बाहेर कडाक्याची थंडी,
तिथून ते एकदम भाताच्या वाफेत शिरले.
काच धुरकटली.
थांबायचं असतं. दोन मिनिटं. आपोआप निवळते.
पण नवरी निघाली होती, बँडवाल्याची घाई,
आणि त्यांनी दुपट्ट्याचं टोक घेऊन
कोरडंच, एकदा, खसकन.

मागचं लेन्स वाचलं.
"त्याचं कामच होतं थे," काका म्हणाले,
आणि तो फिल्टर माझ्या हातात ठेवला, शिकायला.
अजून ड्रॉवरमध्ये आहे.

परवा शेवंताबाई ताजने आल्या,
मुलीचे पासपोर्ट फोटो काढायला.
भिंतीवरचे अल्बम पाहता पाहता म्हणाल्या,
"आमच्या लग्नातल्या एका फोटोवर ना,
हॅलोजनपासून माझ्या कपाळापर्यंत
एक पांढरा दोरा आहे.
अकरा वर्षं झाली, फ्रेमची काच पुसते मी.
दिवाळीला पुसते, पोळ्याला पुसते.
निघतच नाही बाई."

मला काय बोलावं सुचेना.
ड्रॉवर उघडला.
काच त्यांच्या तळहातावर ठेवली,
ट्यूबलाइटकडे तिरपी करून दाखवली.
नखाएवढी रेघ.

बराच वेळ पाहिलं त्यांनी.
मुलगी कॉलर नीट करून स्टुलावर बसून होती.
मग शेवंताबाईंनी, सवयीनंच असेल,
पदराचं टोक बोटावर घेतलं
आणि काचेवर फिरवलं.

मी "नोको" म्हणणार होते.

पुसू दिलं.